आल्याच्या सात चकत्या आणि पीचचा डबा

(दृश्य: हिवाळ्यातली सकाळ. वाफेने धुरकटलेली खिडकीची काच. सुरीखाली आलं.)

आल्याच्या सात चकत्या. पातीच्या कांद्याची पांढरी बुडं, तीही सातच. मूठभर चिकट तांदूळ. सगळं शिजून मऊ झालं की वरून अर्धा कप शिरका. चीनमध्ये या पेजेचं नाव आहे 'शनशियान चोऊ', सिद्धपुरुषांची पेज. कृती विसरू नये म्हणून कुणीतरी तिचं यमकही जुळवून ठेवलंय. सर्दी झालेल्याने ती कढत कढत भुरकायची आणि डोक्यावरून पांघरूण घ्यायचं.

पण सर्दी कुठली? चिनी घरात हा प्रश्न आधी. हुडहुडी भरलीय, नाकातून पाणी गळतंय, घाम फुटत नाही, तर ती 'वारा-थंडी'ची. तिला आलं, पातीचा कांदा आणि तांबडी साखर. चवीला, रंगाला आपल्या गुळाची सख्खी बहीणच. घसा लालेलाल, कफ पिवळा, तर ती 'वारा-उष्णते'ची. तिला आलं वर्ज्य. शेवंतीची फुलं, पुदिना चालतो. दक्षिणेत क्वांगतुंग प्रांतात असे कडू काढे दुकानात पेल्याने मिळतात. नाव 'ल्यांगचा', म्हणजे थंड चहा, आणि हातात येतो तो बऱ्याचदा गरम! थंडावा गुणातला. पपई उष्ण नि काकडी थंड म्हणणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. 2006 साली चीनने ल्यांगचाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं.

(दृश्य: जुन्या ग्रंथाची पानं. मातीच्या भांड्यात उकळणारा काढा.)

पेज आणि पांघरुणाची ही जोडी फार जुनी. साधारण अठराशे वर्षांपूर्वी, हान राजवट मोडकळीला आली असताना, चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने थंडी बाधून येणाऱ्या तापांवर ग्रंथ लिहिला. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, आलं, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं यांचा एक काढा आहे. काढा पोटात गेला की थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, अंगावर घ्यायचं. घाम यावा, पण अंग नुसतं ओलसर होण्याइतकाच. पाण्यासारखा निथळला तर आजार हटणार नाही, असं तो बजावतो. मग पथ्य: कच्चं, थंड, चिकट, मांस, दारू, दही, आणि कांदा-लसणासारखं उग्र काही नको. आता आपली सुरुवातीची पेज आठवा. तांदूळ चिकट आणि वर कांद्याची सात बुडं! घरच्या चुलीने ग्रंथाचं फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

सर्दीचा विषाणू यातल्या कशानेही मरत नाही. 2008 साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या तीस जणांवर फळांच्या गरम पेयाचा प्रयोग झाला. यंत्राने मोजलं तर नाकातून जाणारी हवा तेवढीच होती. लोकांना मात्र नाक, घसा, खोकला, हुडहुडी, सगळ्यातच बरं वाटलं.

हाँगकाँगच्या चहाच्या हॉटेलात तर कोका-कोलात आलं-लिंबू घालून उकळून देतात. एकदा प्यायला हरकत नाही.

(दृश्य: बर्फाने झाकलेलं गाव. काचेच्या बरणीत पिवळ्या फोडी.)

ईशान्य चीनमध्ये मात्र आजारी पोराला मिळतो पिवळ्या पीचचा डबा. म्हणायचा डबा, असते बहुधा काचेची बरणी. फोडी गारेगार, पाक गोड. आलं नाही, वाफ नाही. चांग वैद्याने बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात ताजं फळ दुर्मीळ असायचं, म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना डबाच न्यायचा. शिवाय 'पीच' आणि 'निसटणे' या दोन्ही शब्दांचा चिनी उच्चार एकच: 'थाओ'. म्हणजे पीच खाल्लं की आजारातून निसटलो!

डिसेंबर 2022मध्ये कोविडचे निर्बंध उठले, घरोघरी ताप आला आणि दुकानांतून हे डबे गायब झाले. शेवटी ईशान्येतल्याच दालियान शहरातल्या एका उत्पादक कंपनीलाच जाहीर करावं लागलं: पीचच्या डब्यात औषधी गुण नाही. साठा भरपूर आहे, घाईने खरेदी करू नका.

(दृश्य: पलंगावर बसलेलं पोर. फोडी संपल्यात. बरणी दोन्ही हातांनी धरून ते उरलेला पाक पितंय.)