ओझरला विमान आलं, मग अंतराळवीर आला

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकहून चांदवडच्या दिशेने एसटीने निघालात, की वाटेत ओझर लागतं. तिथल्या एका थांब्याला लोक सर्रास 'ओझर मिग' म्हणतात. कंडक्टरने तशी हाक दिली तर कुणाला नवल वाटत नाही. लढाऊ विमानाच्या नावाने ओळखले जाणारे एसटीचे थांबे आपल्याकडे असे किती असतील? 1960च्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, मिग-21 बांधण्यासाठी इथे कारखाना काढला आणि विमानाचं नाव थेट गावाला चिकटलं.

या कारखान्यात 1987 साली एक अडतीस वर्षांचे गृहस्थ रुजू झाले. हवाई दलातून विंग कमांडरच्या हुद्द्यावरून नुकतेच निवृत्त झालेले. इथलं पद होतं मुख्य चाचणी वैमानिक आणि नाव राकेश शर्मा. हो, तेच, अंतराळात गेलेले पहिले भारतीय.

अंतराळातून आपला देश कसा दिसतो, हा इंदिरा गांधींचा प्रश्न आणि त्यावरचं शर्मांचं उत्तर तुम्हाला पाठ असेल, म्हणून ते मी पुन्हा ऐकवत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या मनातले राकेश शर्मा त्या उत्तरापाशी थांबून राहिलेत. पुढे सतरा वर्षं हा माणूस विमानं उडवत होता, हे आपल्या गावीच नसतं.

आधीचं भराभर सांगतो. जन्म 1949चा, पतियाळाचा. 1966 साली ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि 1970 मध्ये हवाई दलात वैमानिक. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. त्यात बाविसाव्या वर्षी त्यांनी मिग-21 मधून एकवीस मोहिमा केल्या. 1982 मध्ये अंतराळासाठी त्यांची आणि रवीश मल्होत्रांची निवड झाली. बंद जागेची भीती मनात कुठे दडून तर बसली नाही ना, हे बघायला त्यांना बंगळूरला तब्बल बहात्तर तास एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. मग सोव्हिएत संघात खडतर प्रशिक्षण, रशियन भाषेसकट. 3 एप्रिल 1984ला सोयुझ टी-11 या यानातून मालिशेव आणि स्त्रेकालोव या दोन सोव्हिएत अंतराळवीरांबरोबर उड्डाण. सोबत म्हैसूरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार केलेला रव्याचा हलवा, छोले आणि पुलाव. साल्युत-7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर पोचल्यावर हे सगळ्यांनी वाटून खाल्लं. आठ दिवसांना दोन-अडीच तास कमी, इतक्यात परत. अशोक चक्र मिळालं, मिरवणुका निघाल्या, हार पडले.

एवढं झाल्यावर एखादा जन्मभर फिती कापत फिरला असता, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. हे पुन्हा कॉकपिटमध्ये जाऊन बसले.

कारखान्यातल्या चाचणी वैमानिकाचं काम कसं असतं बघा. विमान नवं कोरं असतं, नाहीतर ओव्हरहॉलसाठी पार सुटं करून पुन्हा जोडलेलं. कागदावर सगळं ठीक असतं, सह्या झालेल्या असतात. पण ते हवेत खरंच ठीक आहे का, हे कुणीतरी पहिल्यांदा वर नेऊन बघावं लागतं. वैमानिकाच्या मांडीला पट्ट्याने एक पॅड बांधलेलं असतं आणि त्यावर चाचणीचं कार्ड. अमुक उंचीवर इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारी सोय, लागला का, चाकं नीट बाहेर आली का. एका हाताने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्या हाताने रकाने भरायचे. शौर्य बिर्य नंतर, आधी हिशेबनिशी! उतरल्यावर तंत्रज्ञ ते कार्ड घेऊन बसतात आणि एखादा आकडा जुळला नाही, तर विमान पुन्हा हँगरमध्ये.

त्यात मिग-21ला इंजिन एकच, पंख आखूड, आणि उतरतानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. इंजिन रुसलं तर तरंगत जाणं वगैरे फारसं नाही, विमान सरळ खाली येऊ लागतं. अशाच एका चाचणीत शर्मांना नाशिकजवळ विमान सोडून इजेक्ट व्हावं लागलं आणि ते थोडक्यात वाचले. अंतराळातून सुखरूप परतलेला माणूस आमच्या द्राक्षबागांच्या मुलखात जिवावरच्या प्रसंगातून गेला. मला तर ही गोष्ट साल्युतपेक्षाही जवळची वाटते, पण मी पडलो नाशिककर!

1992 मध्ये ते एचएएलच्याच बंगळूरच्या कामावर गेले आणि 2001 साली त्यांनी उड्डाण थांबवलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मग निलगिरीतल्या कुन्नूरला घर केलं, गर्दीपासून लांब. लोक मात्र पिच्छा सोडत नव्हते. वर देव भेटला का, असंही त्यांना विचारत. नाही भेटला, असं ते सरळ सांगत.

गगनयानासाठी, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याच्या भारताच्या स्वतःच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिकच आहेत. त्यांच्यातले शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये अंतराळात गेले, शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी.

त्याच वर्षी आणखी एक निवृत्ती झाली. 26 सप्टेंबरला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-21ला निरोप दिला, बासष्ट वर्षांच्या नोकरीनंतर. शर्मांनी विशीत ज्यातून युद्ध केलं आणि ओझरला ज्याची नाडी तपासली, ते विमान त्यांच्यानंतरही चोवीस वर्षं उडत राहिलं होतं. थांबा मात्र आहे तिथेच आहे, 'ओझर मिग'.

नमस्कार.