सीटखालचा डबा

(सीटच्या गाद्या काढलेल्या, खालचा सांगाडा)

विमानातल्या सीटच्या पायाशी आवळून बसवलेला हा करडा डबा. प्रवाशाचा बूट त्याला लागतो, नजर मात्र जात नाही. मोबाईल चार्ज होतो तो याच्या जिवावर.

(उघडलेलं इंजिन)

वीज येते इथून. एअरबस ए-320 च्या प्रत्येक इंजिनावर 90 केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा जनरेटर असतो. इंजिनाचा वेग सतत बदलतो, पण मधला ड्राइव्ह जनरेटरला एकाच गतीने फिरवतो. त्यातून निघते 115 व्होल्ट, 400 हर्ट्झची वीज. घरात असते 50 किंवा 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तनं. ही फ्रीक्वेन्सी वाढवली की जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर लहान, हलके होतात, आणि विमानात वाचलेला एकेक किलो म्हणजे वाचलेलं इंधन. पण ही वीज लॅपटॉपच्या चार्जरसाठी नाही. सीटखालचा डबा ती आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतो, मग तिच्यापासून 110 व्होल्ट, 60 हर्ट्झची नवी एसी (दिशा बदलत राहणारी) घडवतो. पायाशी, एवढ्याशा जागेत!

(सॉकेट, अगदी जवळून)

आता पिनांकडे बघा. एक पिन आत गेली, दिवा लागला नाही. दोन्ही पिना जवळजवळ एकदमच आत गेल्या आणि हिरवा दिवा लागला. अशा बऱ्याच सॉकेटमध्ये त्याआधी वीज नसतेच, म्हणून लहान मुलाने तार खुपसली तरी झटका बसत नाही. सॉकेट बंद दिसलं की लोक वैतागतात. खरं तर ते आपलं काम चोख करत असतं. साधारण शंभर वॉटच्या वर ओढ गेली की डबा वीज तोडतो. सगळ्या केबिनचा भार ठरलेल्या मर्यादेला पोचला, तर मुख्य कंट्रोल युनिट नव्या सॉकेटला वीज देत नाही, चालू असलेली चालूच ठेवतं. केबिनचा दाब घटला तर सगळंच बंद. जनरेटर गेला, तर किचनबरोबर आधी सीटची वीज कापली जाते.

एवढी काळजी का? 2 सप्टेंबर 1998 ला स्विसएअरच्या फ्लाइट 111 च्या विमानाला आग लागली, ते समुद्रात कोसळलं आणि 229 जणांचा जीव गेला; आग लागली त्या भागात मनोरंजन यंत्रणेची ठिणगी उडालेली वायर सापडली.

(तंत्रज्ञ, सॉकेट तपासताना)

वापरून वापरून आतल्या पट्ट्या सैलावतात, प्लग लटकतो, वीज जाते. क्रूला सीट नंबर सांगा. केबिनच्या लॉगमध्ये नोंद झाली, की हे सॉकेट बदललं जातं.