अर्धवट घट्ट केलेलं तेल

मंडळी, एक हात पुढे करा आणि कोपरात थोडा वाकवा. तेलाचा रेणू साधारण असा असतो. कार्बनची लांबलचक साखळी, आणि मध्ये कुठेतरी एक दुहेरी बंध. त्या बंधापाशी साखळीला बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींना लागून नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. आता हात सरळ करा. दुहेरी बंध तिथेच आहे, एक अणूही कमी-जास्त झालेला नाही, फक्त बाक गेला. हे ट्रान्स फॅट. बाकदार ओलेइक आम्ल १३-१४ अंश सेल्सिअसला वितळतं; तेच सरळ झालं की त्याला इलायडिक आम्ल म्हणतात आणि ते वितळायला ४४-४५ अंश लागतात. म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेला एक पातळ, दुसरं घट्ट.

हा बाक काढला कोणी? विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. निकेलची भुकटी, उष्णता आणि हायड्रोजन. हायड्रोजन पुरेपूर दिला तर सगळे दुहेरी बंध भरून जातात, ट्रान्स फॅट जवळजवळ उरतच नाही. पण हाती येतो मेणासारखा कडक गोळा, तो खाणार कोण? म्हणून प्रक्रिया मध्येच थांबवायची. निकेलवर काही बंध उघडतात, हायड्रोजन न घेताच पुन्हा जुळतात, आणि जुळताना सरळ होऊन बसतात. सगळा घात या अर्धवटपणात आहे. असं तेल लवकर खवट होत नाही, बिस्किटाला खुसखुशीतपणा देतं, तळायला टिकतं आणि स्वस्त पडतं. कारखानदारांना आणखी काय हवं?

मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. कित्येक वर्षं हृदयाला जपणाऱ्या माणसांनाच सांगितलं गेलं की लोणी सोडा, मार्गारीन खा, म्हणजे असंच घट्ट केलेल्या तेलाचं नकली लोणी. त्यांनी इमानेइतबारे ऐकलं.

मग १९९० साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ निरोगी स्त्रीपुरुषांना तीन-तीन आठवडे तीन वेगवेगळे आहार दिले. संपृक्त मेदाने, म्हणजे लोण्या-तुपात भरपूर असतो त्या मेदाने, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं; ते अपेक्षितच होतं. ट्रान्स फॅटनेही ते वाढवलं आणि शिवाय एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, खाली आणलं. दोन्हीकडून मार. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल काढून एलडीएलकडे वळवणारं एक प्रथिन रक्तात असतं, ते ट्रान्स फॅटमुळे जास्त जोमाने काम करतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते ती वेगळीच. पुढे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दोन टक्के जरी ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. दोन टक्के म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात साडेचार ग्रॅमसुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याच्या निम्मी आहे, दिवसाला २.२ ग्रॅमपेक्षा कमी.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात आणि मांसात थोडं ट्रान्स फॅट निसर्गतःच असतं. पण एरवीच्या खाण्यात त्याचं प्रमाण फार नसतं.

आता वेष्टनाकडे या. अमेरिकेत २००६पासून ट्रान्स फॅटचा आकडा छापणं सक्तीचं झालं, पण एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर शून्य छापायची मुभा होती. समजा एका वाढणीत ०.४ ग्रॅम आहे आणि वाढणी म्हणजे तीन बिस्किटं. तीन बिस्किटांवर थांबतं कोण? पंधरा खाल्ली की दोन ग्रॅम पोटात, आणि पुडा म्हणतो शून्य. म्हणून मी आकड्याआधी घटकांची यादी वाचते. तिथे ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’, म्हणजे हेच अर्धवट घट्ट केलेलं तेल, हे शब्द दिसले की पुडा परत फळीवर.

पण हे काम खाणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. तळणीतलं तेल कोणतं हे ताटावर बसलेल्याला कसं कळणार? डेन्मार्कने २००३ साली कायदाच केला: १०० ग्रॅम मेदात औद्योगिक ट्रान्स फॅट २ ग्रॅमच्या वर नको. न्यूयॉर्क राज्यातल्या काही काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, उपाहारगृहांत त्यावर निर्बंध आणले. तीन वर्षं उलटल्यावर तिथे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण, निर्बंध नसलेल्या काउंटींच्या तुलनेत, ६.२ टक्के जास्त घटलेलं आढळलं.

फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञाला मृत माणसांच्या ऊतींमध्ये ट्रान्स फॅट सापडलं ते १९५७ साली. त्यांनी ते लिहिलं, सांगितलं, पुन्हा सांगितलं. २००९मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे बंदीचा अर्ज केला, उत्तर येईना म्हणून २०१३मध्ये त्याच प्रशासनावर दावा लावला. अंशतः हायड्रोजनीकृत तेल सुरक्षित मानता येणार नाही, हा निर्णय जून २०१५मध्ये आला. तेव्हा कुमेरो शंभर वर्षांचे होते.