कोण गप्प होतं, कोणाला ऐकू येतं: नेटवर्क टोपोलॉजी

[दृश्य: मागांची शेड, मोठा आवाज. कॅमेरा छताजवळच्या केबलींवरून सरकत ऑफिसच्या भिंतीवरच्या पेटीपाशी थांबतो. आवाज मंदावतो.]

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना डोळ्यांसमोर आणा. रस्त्यालगत ऑफिस, त्यामागे मागांची लांबलचक शेड, बाजूला डाइंग आणि पार कुंपणाशी गोडाऊन. ऑफिसात हिशेबाचा सर्व्हर, शेडमध्ये उत्पादन मोजणारे संगणक, गोडाऊनमध्ये बारकोड स्कॅनर, फाटकावर कॅमेरे. ही सगळी यंत्रं एकमेकांना कोणत्या आकारात जोडली आहेत, ती टोपोलॉजी.

सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या परीक्षेची तयारी करताना हा धडा सहसा घाईत उरकला जातो. बस, रिंग, स्टार, मेश. चार चित्रं पाठ केली की झालं, असं वाटतं. परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुण लागतात. एवढ्या वेळात चित्राचं नाव आठवून भागत नाही, प्रसंग वाचून निर्णय घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक आकाराला दोन प्रश्न विचारा. एक तार तुटली तर कोण गप्प होतं? आणि एकाचं बोलणं आणखी कोणाला ऐकू येतं? पहिला प्रश्न उपलब्धतेचा, दुसरा गोपनीयतेचा.

जुन्या बसपासून सुरुवात करू. टेन-बेस-टू प्रकारच्या इथरनेटमध्ये एकच बारीक कोएक्स केबल सगळ्या टेबलांवरून फिरायची. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या, आणि दोन्ही टोकांना सिग्नल तिथेच जिरवणारा ५० ओहमचा टर्मिनेटर. मधे केबल तुटली तर फक्त पलीकडचे लोक तुटतील, असं वाटतं ना? प्रत्यक्षात सगळेच गप्प होतात. तुटलेल्या टोकाला टर्मिनेटर नसतो, त्यामुळे सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलला बिघडवतो. ऐकू मात्र सगळ्यांना सगळं येतं. अशी बस आज कोणी टाकत नाही, पण ती वेश बदलून पुन्हा भेटते. वायफाय घ्या. शेडमधली हवा सगळ्यांची सामाईक, म्हणूनच तिथे एन्क्रिप्शनशिवाय चालत नाही.

रिंगमध्ये टोकन फिरतं. ज्याच्याकडे टोकन, त्यानेच बोलायचं, म्हणून टक्कर होत नाही. टोकन रिंगच्या केबली मात्र एका मधल्या पेटीत येत: दिसायला स्टार, चालायला रिंग. एफडीडीआय या जुन्या फायबरच्या जाळ्यात उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रिंगा असत. एके ठिकाणी तार तुटली की शेजारची यंत्रं दुसऱ्या रिंगेवर वळून वर्तुळ पूर्ण करतात. दोन ठिकाणी तुटली तर एका जाळ्याची दोन बेटं होतात. रिंगेबद्दल इतकं पुरे.

[दृश्य: पेटी उघडते. २४ पोर्टचा स्विच, दिवे लुकलुकत आहेत. पंख्याच्या जाळीवर सुताचा तूस.]

आता स्टार. कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात आज हीच असते. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र केबल स्विच नावाच्या मधल्या यंत्रापर्यंत येते. एक केबल उंदराने कुरतडली तर एकच संगणक जातो. स्विच गेला तर सगळेच जातात. मागांच्या शेडमध्ये स्विचचा पंखा तुसाने भरतो, वरून पत्रा आणि सोलापूरचा एप्रिल-मे. मग स्विच तापून वारंवार बंद पडतो आणि दोष केबलींना दिला जातो. पेटी शेडबाहेर ऑफिसच्या भिंतीवर ठेवा, ते जमत नसेल तर फिल्टरची बंद पेटी घ्या.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर: भिंतीतली कायमची ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. ऑफिसपासून गोडाऊन त्याहून लांब असेल तर फायबर टाका. दोन इमारतींमध्ये फायबर टाकण्याचं आणखी एक कारण आहे: काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात वीज पडली तरी त्या तारेवाटे झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही.

इथेच परीक्षेतला नेमका सापळा आहे. हब आणि स्विच, दोन्हींचं चित्र स्टारचंच. पण हब एका पोर्टवर, म्हणजे केबलच्या खाचेवर, आलेला सिग्नल बाकी सगळ्या पोर्टवर फेकतो. म्हणजे तारा स्टारच्या, वागणं बसचं. २४ पोर्टचा हब म्हणजे एक कोलिजन डोमेन, दोघं एकदम बोलले तर टक्कर होते असा एक भाग. २४ पोर्टचा स्विच म्हणजे २४ कोलिजन डोमेन, पण व्हीलॅन (एकाच स्विचमधली वेगळी जाळी) पाडले नाहीत तर ब्रॉडकास्ट डोमेन, म्हणजे सर्वांना दिलेली हाक पोचते तो भाग, एकच. हे आकडे पाठ करू नका, कागदावर काढून मोजा.

स्विच कोणत्या पोर्टवर कोणाचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आहे याचा तक्ता ठेवतो, आणि ज्याचं त्यालाच देतो. कोणी खोट्या मॅक पत्त्यांचा मारा करून तक्ता भरून टाकला, तर नव्या पत्त्यांना जागा उरत नाही आणि स्विच त्यांच्या फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, सगळ्यांना पाठवू लागतो. स्विचचा पुन्हा हब झाला. यावर उपाय पोर्ट सिक्युरिटी: एका पोर्टवर एक किंवा दोनच पत्ते. मात्र पोर्ट बंद करण्याचा नियम लावला असेल, तर कोणी जुना संगणक काढून नवा जोडला तरी तो पोर्ट बंद पडतो आणि सहसा हाताने सुरू करावा लागतो. ही नोंद पेटीच्या दारावर चिकटवून ठेवा.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. साफसफाईत लोंबकळणारी पॅच कॉर्ड दिसते आणि कोणीतरी चांगल्या हेतूने ती त्याच स्विचमध्ये खोचतं. झालं वर्तुळ. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे एकच ब्रॉडकास्ट फिरत राहतो, वाढत राहतो आणि थोड्याच वेळात सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात. स्पॅनिंग ट्री हा स्विचमधला नियम असली वाट ओळखून बंद ठेवतो. पण मुख्य स्विच कोण, हे तुम्ही ठरवलं नाही तर तो स्वतः ठरवतो: सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ असते, मग सर्वांत लहान मॅक पत्त्याचा जिंकतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच निघतो. मुख्य स्विचचा प्रायॉरिटीचा आकडा हाताने कमी करा. संगणकांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले की पोर्ट बंद करणारा पहारा) लावा, म्हणजे बाहेरून आणलेला स्विच तिथे स्वतःला राजा म्हणवून घेऊ शकणार नाही.

[दृश्य: जिल्ह्याचा नकाशा. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला, करमाळा, अक्कलकोट.]

मेशमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला जोडलेला. तारा किती लागतील? ठिकाणांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन. सोलापूर धरून सहा शाखांची एक पतसंस्था असेल, तर १५ जोडण्या. बारा शाखा झाल्या की ६६. त्याऐवजी सगळ्या शाखा सोलापूरच्या मुख्य कार्यालयाला जोडल्या, म्हणजे हब-अँड-स्पोक केलं, तर बारा शाखांना ११ पुरतात. फायरवॉल एकाच ठिकाणी, नियम एकाच ठिकाणी. पण बार्शीहून पंढरपूरला जाणारा डेटाही सोलापूरला वळसा घालतो, आणि सोलापूर पडलं की सगळे एकटे.

व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या सुरक्षित वाटांनी, ६६ बोगद्यांचं पूर्ण मेश करता येतं, हेही खरं. तरी बार्शीच्या शाखेत बाहेर जाणारी लाइन एकच असेल, तर ती तुटताच बार्शीचे ११ बोगदे एका क्षणात जातात. तार्किक चित्र मेशचं, प्रत्यक्षातली तार एक.

[दृश्य: मागावरचा कापडाचा जवळचा शॉट.]

डेटा सेंटरमधलं स्पाइन-लीफ, म्हणजे दोन थरांत मांडलेले स्विच, समजायला सोलापूरकरांना कापडापलीकडे जायला नको. प्रत्येक उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याला भेटतो, उभा उभ्याला कधीच भेटत नाही. तसंच प्रत्येक लीफ स्विच प्रत्येक स्पाइनला जोडलेला, लीफ लीफला नाही. चार लीफ, दोन स्पाइन: आठ तारा. कुठल्याही लीफवरून दुसऱ्या लीफवर जायला मधे एकच स्पाइन लागतो. एक स्पाइन गेला तर वेग निम्मा होतो, बोलणं थांबत नाही. सर्व्हर-सर्व्हरमधली ही आडवी वाहतूक, म्हणजे ईस्ट-वेस्ट, फाटकावरच्या फायरवॉलला दिसतच नाही. हिशेबाच्या संगणकात शिरलेलं रॅन्समवेअर डाइंगच्या कंट्रोलरपर्यंत याच वाटेने पोचतं. म्हणून ऑफिस, शेड, कॅमेरे यांचे व्हीलॅन वेगळे ठेवा आणि त्यांच्यामधली वाट फायरवॉलमधून काढा. नुसते व्हीलॅन पाडून राउटरवर सगळं मोकळं सोडलं, तर भिंत बांधून दार उघडं ठेवल्यासारखं होतं.

पाळत ठेवून घुसखोरी ओळखणारा आयडीएस स्विचच्या साध्या पोर्टवर लावला तर त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याला मिरर पोर्ट (बाकी पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत देणारा) किंवा टॅप (तारेच्या मधे बसून प्रत काढणारा) लागतो. एक गिगाबिटच्या लाइनवर दोन्ही दिशा भरल्या तर दोन गिगाबिट होतात, आणि मिरर पोर्ट एक गिगाबिटचा असेल तर उरलेलं गळून जातं. टॅप दोन्ही दिशा वेगवेगळ्या देतो.

[दृश्य: कारखान्याच्या बाजूचा रस्ता. जेसीबी ड्रेनेजसाठी चर खणतो आहे.]

शेवटी ऑफिस आणि गोडाऊनच्या मधल्या चरापाशी या. नकाशावर दोन फायबर आहेत, एक गेली तर दुसरी, म्हणून सगळे निश्चिंत. पण दोन्ही एकाच चरात, एकाच पाइपात टाकलेल्या. जेसीबीचा एकच फावडा दोन्ही घेऊन वर येतो. परीक्षेच्या प्रश्नात दोन लाइन असूनही सेवा बंद पडली असं वाचलंत, तर आधी दोन्हींची वाट एक आहे का ते बघा. दुसरी फायबर कुंपणाच्या उलट्या बाजूने, डाइंगच्या मागून न्या आणि गोडाऊनमध्येही वेगळ्या भिंतीतून आत घ्या.