काउंटरवर पैसे मिळाले का?

मित्रहो, एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये मी बरीच वर्षं काढली. तिथली एक तारीख, म्हणजे पेन्शनचा दिवस, मला अजून जशीच्या तशी आठवते. सकाळी साडेदहाला तालुक्याच्या शाखेतून मॅनेजरांचा फोन आला, "साहेब, पैसे देता येत नाहीयेत." मी समोरच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती चालवणारी मुख्य सिस्टिम, हिरवं, डेटाबेस हिरवा, शाखेची लाइन हिरवी. मी म्हणालो, "आमच्याकडे सगळं चालू आहे, तुमचा पीसी रीस्टार्ट करून बघा." पुढच्या अर्ध्या तासात फोन ठेवायला उसंत मिळाली नाही.

कारण सापडेपर्यंत दुपारचा एक वाजला. पैसे काढायच्या स्लिपवरची सही क्लार्क स्क्रीनवरच्या नमुना सहीशी ताडून बघतो. त्या सह्यांचे फोटो एका वेगळ्या, जुन्या सर्व्हरवर होते. त्याची डिस्क लॉगने, म्हणजे प्रोग्राम आपोआप लिहीत जातो त्या नोंदींनी, गच्च भरली आणि तो प्रोग्राम बंद पडला. क्लार्कला सहीच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसत होता. सही दिसत नाही म्हणून त्यानं पैसे दिले नाहीत, आणि त्याचं बरोबरच होतं. हा सर्व्हर आमच्या यादीत नव्हता, म्हणून स्क्रीनवरही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्या शाखेत गेलो. एक आजी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसल्या होत्या. काल दोन तास थांबून त्या परत गेल्या होत्या, आज पुन्हा एसटीचं तिकीट काढून आल्या होत्या. आमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये मात्र त्या दिवसाचा अपटाइम, म्हणजे सिस्टिम चालू असल्याचा वेळ, शंभर टक्के होता. मला त्या आकड्याची लाज वाटली. आम्ही मशीन सांभाळत होतो, बँक चालते ती सेवांवर. 'पेन्शन काढणं' ही सेवा आमच्या कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

आता त्या आकड्याचं गणित बघा. वर्षाचे ८,७६० तास. एखादी सिस्टिम ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. ऐकायला छान वाटतं. पण एक व्यवहार पूर्ण व्हायला लाइन, अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, सह्यांचा सर्व्हर आणि लॉगिनची सिस्टिम अशा पाचही गोष्टी एकाच वेळी चालू लागतात. प्रत्येक जण आपापलं ९९.९ पाळतोय, पण बिघाड वेगवेगळ्या वेळी होतात, तर काउंटरवरचा माणूस वर्षात जवळजवळ ४४ तास अडकतो. पाच टीम, पाच चांगले रिपोर्ट, आणि त्या ४४ तासांचा हिशोब कोणाकडेच नाही.

हे फक्त लहान बँकांत होतं असं नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीला नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवरच चढवला गेला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड होता, तो बाजार उघडताच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी सिस्टिमनं चूक दाखवणारे ९७ ई-मेल पाठवले होते. ते इशारे आहेत असं कोणी मानतच नव्हतं. गोंधळात त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढला, आणि तिथलाही जुना कोड जागा झाला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं या घटनेचा तपास अहवाल वाचावा. तिथं मशीन एकही बंद नव्हतं.

मग आम्ही काय केलं? कोरा कागद घेऊन शाखेत क्लार्कशेजारी बसलो. "ताई, स्लिप हातात आली, आता पुढे?" त्या जे बटण दाबतील त्याच्यामागे कोणतं मशीन आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, त्याचं सर्टिफिकेट (मशीनची ओळख पटवणारा, ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) कधी संपतं, हे लिहीत गेलो. बाजारात यासाठी महागडी सॉफ्टवेअर आहेत आणि ती उपयोगीही पडतात, पण पहिला नकाशा हातानंच काढावा असं माझं ठाम मत आहे. सह्यांच्या सर्व्हरसारखी आणखी तीन मशीन आम्हाला त्याच आठवड्यात सापडली. प्रत्येक सेवेला एक मालक नेमला, आयटीतला नव्हे, बँकिंग विभागातला. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत कोणताही बदल करायचा झाला तर त्याची सही लागते.

डी.आर. ड्रिल, म्हणजे मुख्य सेंटर बंद पडलं तर दुसऱ्या सेंटरवरून काम चालतं का याची रंगीत तालीम, तेही बदललं. आधी दुसऱ्या सेंटरमध्ये डेटाबेस उठला की 'यशस्वी' लिहून मोकळे व्हायचो. आता शाखेतला एक कर्मचारी रविवारी येऊन स्वतःच्या खात्यावर शंभर रुपयांची स्लिप भरतो. सही दिसली, नोट हातात आली, पासबुकावर नोंद छापली, तरच ड्रिल झालं. पहिल्या वेळी पैसे मिळाले, पण पासबुक छापलं गेलं नाही. छपाईच्या प्रोग्राममध्ये मुख्य सेंटरचाच पत्ता पक्का लिहिलेला होता. संध्याकाळी तो बदलला आणि त्या कर्मचाऱ्यानं दुसरी स्लिप भरली.