भोपाळच्या वर्गात ढाक्याचे न्यायाधीश

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या वजनदार माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, ‘बडी आसामी आहे!’ हेच कौतुक ढाक्याच्या कोर्टात करू नका. बंगालीत आसामी म्हणजे आरोपी. पण तिथे नाझर कुठे बसतात असं विचारलंत, तर बरोबर नाझरांच्याच टेबलाशी नेतील. वकील दोन्हीकडे वकीलच. चारशे वीस म्हटलं की काय समजायचं, हेही दोन्हीकडे सारखंच, कारण 1860 ची दंडसंहिता तिकडे अजून चालू आहे. 1872 चा पुरावा कायदाही तिकडे अजून तोच, आणि दिवाणीतली 1908 ची संहिता तर दोन्हीकडे तीच.

तेव्हा बांगलादेशच्या न्यायाधीशांनी प्रशिक्षणासाठी भारतात यावं, यात नवल नाही. एप्रिल 2017 मध्ये भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि बांगलादेशचं सर्वोच्च न्यायालय यांच्यात करार झाला. तिकडच्या 1500 न्यायिक अधिकाऱ्यांना इथे प्रशिक्षण द्यायचं ठरलं.

आता कुणी विचारेल, कायदा तर पुस्तकात आहे, मग त्यासाठी देश कशाला ओलांडायचा? मी तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेला माणूस, म्हणून चेकचंच उदाहरण देतो. चेक परत येतो, नोटीस जाते, चेक-हुंड्यांच्या, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली केस दाखल होते. आरोपी पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, ‘साहेब, सही माझी आहे, पण चेक कोरा दिला होता. रक्कम त्यांनी भरली.’ हा बचाव मी इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्य आधीच ओठावर यायचं. बांगलादेशातही कलम 138 च. आपण ते 1988 साली कायद्यात घातलं, त्यांनी 1994 मध्ये. आपल्याकडे कैद दोन वर्षांपर्यंत, तिकडे एक वर्षापर्यंत. कोऱ्या चेकची गोष्ट तिकडच्या न्यायाधीशालाही ऐकावी लागतेच.

हे सगळं वाचून कळतं. पण उलटतपास भरकटला की वकिलाला कुठे थांबवायचं? तारीख मागायला चौथ्यांदा उभा राहिलेल्याला काय सांगायचं? सही कबूल केली म्हणजे सगळं कबूल केलं, असं न समजता निकालात कारणं कशी मांडायची? हे दुसऱ्या न्यायाधीशाकडूनच शिकता येतं. आणि तो परक्या देशातला असेल तर आणखी बरं, कारण त्याच्यासमोर आपल्या वरिष्ठांची भीड नसते.

बांगलादेशला याची गरजही होती. तिथे 1 नोव्हेंबर 2007 पर्यंत फौजदारी खटले चालवणारे मॅजिस्ट्रेट हे प्रशासनातले अधिकारी असत. 1999 च्या मासदार हुसेन खटल्यात न्यायखातं प्रशासनापासून वेगळं करा असा निकाल आला, तरी ते व्हायला आठेक वर्षं गेली. आपल्या जुन्या मुंबई राज्याने त्यासाठी 1951 सालीच कायदा केला होता. म्हणजे या वाटेवरचे खाचखळगे आपल्या माहितीचे.

मग ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ता पालटली. तरीही 10 ते 20 फेब्रुवारी 2025 या काळात 50 न्यायाधीशांनी भोपाळला यायचं ठरलं होतं. अगदी सहायक न्यायाधीशापासून जिल्हा न्यायाधीशापर्यंत. खर्च भारत सरकारचा. ढाक्याच्या सरकारची परवानगी निघाली, बातमी छापून आली आणि लगेच जानेवारीतच परवानगी मागे घेतली गेली.

आपल्याकडे याचा पुष्कळांना राग आला. मला वाईट वाटलं, राग नाही आला. शेजारच्या सरकारच्या खर्चाने आपले न्यायाधीश शिकून यावेत का, हा प्रश्न उद्या आपल्यालाही पडू शकतो. न्यायिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची एक जागतिक संघटना आहे. तिने 2017 मध्ये मनिला इथे दहा तत्त्वं मान्य केली. प्रशिक्षणात काय शिकवायचं आणि कसं, ते न्यायव्यवस्थेने आणि तिच्या प्रशिक्षण संस्थांनी ठरवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. भोपाळचा करार कागदावर तसाच होता, अकादमी आणि न्यायालय यांच्यातला. पण पैसा आणि परवानगी सरकारांच्या हातात राहिली आणि दोरी तिथेच तुटली. हे दोन शेजाऱ्यांपुरतंच न ठेवता पाच-सात देशांनी मिळून खर्च वाटून घेतला, तर एका राजधानीतल्या रुसव्याने वर्ग बंद पडणार नाही. युरोपात असं जाळं 2000 सालापासून चालू आहे, ब्रुसेल्सहून.

दरम्यान इकडे आणखी एक गोष्ट घडून गेली. 1 जुलै 2024 पासून आपली दंडसंहिता गेली आणि न्याय संहिता आली. खुनाचं 302 आता 103 झालं, चारशे वीसचं 318. ढाक्याची तुकडी पुढे कधी भोपाळला आलीच, तर पहिल्या दिवशी दोन रकान्यांचा तक्ता वाटावा लागेल. एका बाजूला त्यांचे आकडे, दुसऱ्या बाजूला आपले. चेकचं 138 मात्र दोन्ही रकान्यांत तेच राहील.

नमस्कार.