दहा वॉनचा सिंह

दक्षिण कोरियाचं दहा वॉनचं नाणं. व्यास १८ मिलिमीटर, वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. हातात घेतलं तर खेळण्यातलं वाटतं.

आता जवळून बघू. खाली जिना, वर खांब, आणि खांबांच्या मधोमध हा ठिपका. ठिपका नाही, सिंह आहे तो.

[दृश्य बदल: मंदिराचं अंगण, सकाळ]

आणि हा नाण्यावरचा स्तूप, खरा. ग्योंगजू शहर, बुलगुक्सा मंदिर, दाबोताप स्तूप. आठव्या शतकातला, शिल्ला राजवटीचा. उंची दहा मीटरच्या थोडी वर. सगळा ग्रॅनाइट, पण कठडे बघा, खांब बघा: सुतारानं लाकडात करावी तशी घडण. खाली चौकोन, वर गेलं की अष्टकोन.

दाबो म्हणजे प्रभूतरत्न बुद्ध. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथात शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, उपदेश करत असताना जमिनीतून रत्नांचा स्तूप वर येतो, आणि आतून प्रभूतरत्न ग्वाही देतात, की हे सांगतात ते खरं आहे. म्हणून याच अंगणात शाक्यमुनींचा दुसरा स्तूप आहे, सोकगाताप. अगदी साधा. एक बोलणारा, एक साक्षीदार. नाण्यावर साक्षीदाराचा नंबर लागला.

स्तूप नाण्यावर आला १९६६ साली, सिंह १९८३ च्या नव्या नक्षीत. पण लोकांना सिंह दिसेचना, बुद्ध दिसला. १९८७ च्या निवडणुकीच्या सुमारास अफवा उठली, की एका उमेदवाराला राष्ट्राध्यक्ष करायला नाण्यात बुद्ध बसवलाय. नक्षी चार वर्षं जुनी, पण अफवेला हिशेब कुठे लागतो! तो सिंहच आहे, असा खुलासा बँक ऑफ कोरियाला करावा लागला.

[दृश्य: सिंहाचा चेहरा, स्थिर]

असे चार होते म्हणतात. उरला हा एक. १९२५ मध्ये जपानी अमलात स्तूप उतरवून दुरुस्त केला गेला. त्या कामाची नोंद हाती नाही, त्यामुळे बाकीचे तीन कुठे गेले ते कळत नाही.

पुढे तांबं महागलं, नाणं वितळवणं फायद्याचं ठरू लागलं. २००६ मध्ये ते लहान झालं, आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. २०११ मध्ये नाणी वितळवण्यावर बंदी घालणारा कायदाही आला.

[दृश्य: ग्योंगजूचा बाजार, वाफाळता साचा]

आणि हा दहा वॉनचा पाव. नक्षी नाण्याचीच, आत चीज. किंमत साधारण ३००० वॉन, म्हणजे अशी तीनशे नाणी मोजायची. सिंह कुठे आहे ते मात्र खायच्या आधी शोधायचं.